जळगाव ते धुळे : वालाच्या वेलाचा आधार

जळगावहून धुळ्याकडे निघाले की बांभोरीजवळ गिरणा ओलांडावी लागते. मग पाळधी, एरंडोल, पारोळा आणि शेवटी पांझरेच्या काठचे धुळे. कापूस, धान्य, किराणा यांच्या निमित्ताने हा रस्ता आपल्या समाजातील कित्येक पिढ्यांच्या पायाखालचा आहे. नजर मात्र बहुधा बाजारभावावर असते. मार्गशीर्षात याच रस्त्याने जाताना गावकुसाबाहेरच्या घरांकडे जरा निरखून पाहावे. धाब्याच्या भिंतीला टेकवलेल्या बांबूवरून, गोठ्याच्या मेढीवरून, कुठे काटेरी कुंपणावरून वालाचा वेल चढलेला असतो. पांढऱ्या-जांभळ्या फुलांच्या तुऱ्यांखाली चपट्या शेंगा लोंबत असतात.

वेलाला आधार द्यायचा तर तो वेल चढतो कसा, हे आधी पाहिले पाहिजे. गिलके, दोडके, कारले यांना तणावे असतात. ते जाळीची दोरी हाताने धरावी तशी धरतात. वाल, चवळी आणि वेलघेवडा यांना तणावे नाहीत. त्यांचा शेंडाच हवेत गोल फिरत आधार शोधतो आणि सापडला की त्याभोवती वेढे घेत वर जातो. चार्ल्स डार्विन यांनी 1865 साली वेलींच्या या हालचालींवर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला होता. घेवड्याचा वेढा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने जातो; हौसेने उलटा गुंडाळलेला शेंडा पुन्हा सुटून येतो. अर्थ एवढाच, की वालाला उभा, बोटाएवढा ते मनगटाएवढा आधार पुरतो. जाड खांबाला त्याचा वेढा बसत नाही. जाळीची तर त्याला गरजच नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. अलीकडे बंगल्यांच्या बागांतून सर्रास नायलॉनची जाळी ताणली जाते. ती स्वस्त असते आणि तासाभरात बांधून होते. पण त्या बारीक, न दिसणाऱ्या धाग्यांत शिंपी, सूर्यपक्षी, मुनिया असे लहान पक्षी अडकतात. जमिनीलगत सैल पडलेल्या जाळीत धामण अडकली, तर सुटण्याच्या धडपडीत धागा तिच्या अंगात रुततो. पाणी गाळून पिणाऱ्या आणि दिवे लागण्यापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घराच्या परसात असा फास टांगलेला असावा, हे जयणेला धरून नाही. गिलक्यासाठी जाळी हवीच असेल, तर जाड सुतळीची, हाताचा पंजा सहज जाईल एवढ्या घरांची विणावी, आणि तिची खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवावी.

उभ्या आधाराची सामग्री याच रस्त्याच्या दुतर्फा आहे. केळीच्या बागांत घडाला टेकू म्हणून लावलेले बांबू कापणीनंतर मोकळे होतात. तूर झोडपल्यावर तुराट्या उरतात. त्या चवळीला छान चालतात, पण वालाचा भार त्यांना पेलत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या फुकट मिळतात, तरी त्या आणू नयेत. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणूनच पऱ्हाट्यांचे ढीग साठवू नका असे कृषी खाते सांगते. ज्याला पुढे जीव मारण्याची वेळ येऊ द्यायची नाही, त्याने जिवांचे घर उचलून दारात आणू नये. लोखंडी पाइप टिकाऊ असतो, पण गुळगुळीत. त्यावर वेल घसरतो. पाइप वापरायचाच असेल, तर त्याला सुतळी गुंडाळावी.

माझी पसंती बांबूला. त्याचे शत्रू दोन : घुण आणि वाळवी. घुण बांबूतील पिष्टासाठी येतो. म्हणून पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला पक्का बांबू निवडावा आणि तोडल्याबरोबर तो काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवून सावलीत वाळवावा. वाळवी मातीतून येते. बांबू मातीत पुरून वर औषध ओतण्यापेक्षा दीड फूट खड्ड्यात पाइपचा तुकडा सिमेंटने पक्का करावा, तो वीतभर जमिनीवर ठेवावा आणि त्यात बांबू उभा करावा. वाळवी तरीही पाइपवरून मातीची वाट बांधू लागते; पण ती डोळ्यांना दिसते आणि मऊ कुंच्याने वेळीच अडवता येते.

नऊ फुटी बांबू, तीन-तीन फुटांवर, माथ्याशी एका आडव्या बांबूने जोडलेले, एवढी रचना घराला पुष्कळ होते. ओळ पूर्व-पश्चिम असावी. खानदेशात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. त्याला आडवी उभी केलेली वेलींची भिंत शिडासारखी फुगते आणि एका रात्रीत कोसळते. ही ओळ बागेच्या उत्तर कडेला घ्यावी, म्हणजे हिवाळ्यात तिची सावली इतर वाफ्यांवर पडत नाही. बांधणीला तार नको, ती खोडात रुतते. जळगाव तर ठिबकचे गाव. जुन्या लॅटरल नळीचे तुकडे किंवा काथ्या बांधायला उत्तम.

खड्डे आषाढ चौदसीच्या आधी, जमीन कोरडी असतानाच खणून घ्यावेत. पाऊस पडल्यावर ओली माती जीवजंतूंनी भरलेली असते. भूमी फोडण्याचा धंदा कर्मादानांत गणलेला असल्याने घरातील काही वडीलधाऱ्यांना परसबागेचीच खंत वाटते. त्यांच्या म्हणण्याचा मान ठेवावा आणि कुदळ जितकी कमी चालेल तितकी चालवावी; पाइपचे बूड एकदा बसले की पुढे वर्षानुवर्षे खणावे लागत नाही.

गावरान वालाची एक गोष्ट आपल्या घरांना फार सोयीची आहे. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलत नाही. आषाढात लावलेला वेल चारही महिने नुसता पानांनी वाढतो, आणि कार्तिकी पौर्णिमेला साधू-साध्वींचा विहार सुरू होण्याच्या सुमारास त्याला फुले-शेंगा धरू लागतात. चातुर्मासात हिरवी भाजी वर्ज्य केलेल्यांच्या ताटात तो बरोबर वेळेवर येतो. शिल्लक शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. तिथींना त्याच वालाची उसळ होते. वाल द्विदल असल्याने कच्चे दही मात्र त्या ताटात नको.

धुळ्याहून पुढे साक्री तालुक्यात बळसाण्याला श्री विमलनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना पांझरेच्या खोऱ्यात फडाच्या जुन्या पाटांची गावे दिसतात. पाटाकाठच्या परसांत असे वेल माघापर्यंत हिरवे राहतात. फाल्गुनात वेल वाळला की तो ओढून काढू नये. आधी पाने उलटून शिंप्याचे किंवा मुनियाचे घरटे आहे का ते पाहावे. असल्यास पिले उडेपर्यंत थांबावे. मग गाठी सोडून बांबू पाइपातून उपसावेत, झटकून ओसरीत आडवे टांगावेत आणि पाइपांच्या तोंडावर कवेलूचे तुकडे ठेवावेत, म्हणजे आत सरडा किंवा बेडूक पडून अडकत नाही.