किती उजेड पुरे?

पाण्याखाली रात्री शूटिंग करायला निघालेला नवखा माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा. पाच हजारांचा दिवा घेऊ की पंधरा हजारांचा? दुकानदारही खुशीने मोठाच आकडा पुढे करतो, कारण आकड्याबरोबर किंमत चढते. मी मात्र नवा दिवा हातात आला की तो किती मंद होतो, हे आधी पाहते.

किती उजेड पुरे, हा प्रश्न आजच विचारता येतो. आमच्या आधीच्या लोकांची सगळी हयात उजेड मिळवण्यात गेली. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी १८९३ साली फ्रान्सच्या बान्यूल्स किनाऱ्यावर पाण्याखाली छायाचित्रं काढली, तेव्हा प्राणवायू भरलेल्या पिंपाच्या मदतीने मॅग्नेशियम जाळून उजेड पाडण्याचा खटाटोप त्यांना करावा लागला. पुढे १८९९ मध्ये त्यांनी विजेचे आर्क दिवे पाण्यात उतरवले. १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या माहितीपटासाठी समुद्रसंशोधक कूस्तो यांच्या पाणबुड्यांना जहाजावरून केबलने वीज घ्यावी लागत होती. आज मुठीत मावणारा एलईडी दिवा लिथियम-आयन बॅटरीवर हजारो लुमेन ओकतो. टंचाई संपली आणि विपुलतेचे प्रश्न सुरू झाले.

आधी रंगांचं पाहू. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सात मीटरांवर तो जवळजवळ संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून दिवसा १५ मीटरांवर केलेलं चित्रण निळंहिरवं दिसतं आणि फिल्टर, व्हाइट बॅलन्स, एडिटिंगच्या टेबलावरची रंगदुरुस्ती अशी वरात निघते. रात्री ही भानगड नाही. फ्रेममध्ये जो रंग आहे तो सगळा तुमच्या दिव्याने आणलेला. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर न ठेवता दिव्याच्या रंगतापमानावर, म्हणजे साधारण ५६०० केल्विनवर, बांधून टाकला की काम झालं. अंदमानात स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, ‘लाइटहाऊस’ नावाची एक जागा नाइट डाइव्हसाठी नेहमीची आहे. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे नाइट डाइव्ह आटोपून माणूस जेवायला वेळेवर हजर असतो. दिवसा काळपट वाटलेला स्पंज तिथे दिव्याखाली लालभडक निघतो आणि दिवसभर मिटून बसलेलं सूर्यप्रवाळ नारिंगी शुंडकं पसरून खायला बसलेलं दिसतं.

पण दिव्याच्या उजेडालाही पाणी तोच कायदा लावतं. दिव्यापासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत असं येऊन-जाऊन अंतर मोजायचं. मासा दीड मीटरवर असेल, तर उजेड तीन मीटर पाणी कापून येतो आणि वाटेत तांबडा रंग टाकून येतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की हवेतसुद्धा उजेड चौथाईवर येतो. पाण्यात त्याहून कमी. ही तूट लुमेनने भरून निघत नाही, त्यासाठी जवळ जावं लागतं. म्हणून आम्ही वाइड अँगल लेन्स लावतो आणि हातभर अंतरावर काम करतो. पॅकिंगवरच्या आकड्यातही एक मेख आहे. साध्या डाइव्ह टॉर्चचा झोत अरुंद असतो, तर व्हिडिओ लाइटचा झोत १०० अंशांहून जास्त फाकतो. म्हणून हजार लुमेनची टॉर्च जिथे लख्ख ठिपका पाडते, तिथे तीन हजारांचा व्हिडिओ लाइट मवाळ दिसतो. ते त्याचं वैगुण्य नाही. फ्रेमच्या मधोमध डोळे दिपवणारा ठिपका कुणालाच नको असतो.

जास्त उजेडाचा पहिला दंड म्हणजे बॅकस्कॅटर. पाण्यात रेती, शेवाळाचे कण, प्लवक सतत तरंगत असतात आणि दिव्याचा उजेड भिंगाकडे परतवतात. घाटात धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते. तेच इथे होतं. उपाय जागेचा आहे. दिवे लांब आर्म्सवर दोन्हीकडे फाकवायचे, डोम पोर्टच्या, म्हणजे लेन्सपुढच्या घुमटाच्या, थोडे मागे घ्यायचे आणि तोंडं किंचित बाहेर वळवायची. मग झोताची नुसती कड माशावर येते आणि लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहतं. मालवणसारख्या गढूळ पाण्यात मी बऱ्याचदा एकच दिवा वापरते, तोही बाजूने. सावली पडते, पण सावलीमुळेच खेकड्याच्या पाठीवरचे उंचवटे कळतात. दोन्हीकडून सारखा उजेड पाडला की तोच खेकडा सपाट दिसतो.

दुसरा दंड आम्हांला बसत नाही, समुद्राला बसतो. दिवा लावून दोन मिनिटं एका जागी थांबा. बारीक किडे, कोळंबीची पिल्लं, प्लवक त्याच्याभोवती गोळा होतात. त्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. हवाईच्या कोना किनाऱ्यावर १९७०च्या दशकात एका हॉटेलच्या दिव्यांचा झोत समुद्रावर पडू लागला आणि प्लवक खायला मँटा रे येऊ लागले. आज तिथे पाणबुडे तळाशी दिव्यांभोवती कोंडाळं करून बसतात आणि तीन-चार मीटर पंखविस्ताराचे मँटा त्यांच्या डोक्यावरून कोलांट्या घेतात. दिव्याचा तोच गुण आपल्या किनाऱ्यावर भांडणाचं मूळ झाला. जनरेटर लावलेल्या नौका प्रखर एलईडी दिव्यांनी मासे एका जागी ओढतात आणि जाळ्यात घेतात. रापण ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या वाट्याला काय उरणार? २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात या पद्धतीवर बंदी घातली. माझा दिवा त्या नौकांच्या दिव्यांपुढे किरकोळ आहे, पण काम तेच करतो.

रीफवर हे अगदी जवळून दिसतं. लायनफिश पाणबुड्याच्या मागे-मागे येतो. दिव्यात सापडलेला छोटा मासा क्षणभर गोंधळतो आणि लायनफिश त्याला गिळतो. तारामाशाच्या जातकुळीतला बास्केट स्टार रात्री जाळीसारखे हात पसरून बसलेला असतो, झोत पडला की गोळा होऊन बसतो. काही पॅरटफिश स्वतःभोवती चिकट पदार्थाचा पारदर्शक कोष विणून झोपतात. त्यांच्या तोंडावर पूर्ण ताकदीचा दिवा धरला तर ते जागे होऊन अंधारात सैरावैरा धावतात, खडकावर आपटतात.

यातून माझी कामाची रीत ठरत गेली. शोधाशोध लाल दिव्याने करायची, कारण रीफवरच्या बऱ्याच प्राण्यांना लाल रंग फारसा दिसत नाही. प्राणी सापडला की फोकस लाल उजेडातच बांधायचा, मग पांढरा दिवा सगळ्यात खालच्या पायरीवर सुरू करून हळूहळू वर न्यायचा. त्यासाठी कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, थोडा चढला तरी चालेल. सेकंदाला २५ फ्रेम्स घेताना शटर १/५० वर ठेवावा लागतो, ही मर्यादा आहेच. पण आजचे सेन्सर अंधारात पुष्कळ साथ देतात. शॉट झाला की दिवा बंद आणि आपण पुढे. सुरक्षेची टॉर्च वेगळी, तिची जोड आणखी वेगळी; व्हिडिओ लाइट त्या हिशेबात धरायचा नाही, कारण पूर्ण ताकदीवर तो बहुधा तासभरही टिकत नाही.

राहतो लायनफिशचा प्रश्न. प्रेक्षकांना शिकारीचा शॉट हवा असतो आणि तो मिळवणं सोपं आहे: दिवा धरा आणि वाट पाहा. पण ती शिकार माझ्या दिव्यावाचून तशी झाली नसती. माहितीपटात ती ‘रात्रीचं निसर्गजीवन’ म्हणून दाखवणं खोटं आहे. म्हणून मी असे शॉट कापते, आणि निर्मात्याने फारच आग्रह धरला तर निवेदनात एक वाक्य घालायला लावते, की हा मासा आमच्या दिव्यामुळे मारला गेला. बहुतेकदा ते वाक्य ऐकल्यावर निर्माताच म्हणतो, जाऊ दे तो शॉट.