कटरला खाऊ दे की!

डोंबिवली एमआयडीसीत मी कामाला लागलो, तेव्हा शॉपमधल्या जुन्या मिलिंगचा कुलंट पंप कधीचाच काढून ठेवलेला होता. ॲल्युमिनियमचे जॉब मात्र त्याच मशीनवर यायचे आणि मशीनवर असायचे आमचे मिस्त्री. आम्ही दोघंही कल्याणचे. पत्री पुलावर बस अडकली की त्यांची परीक्षा सुरू व्हायची.

"कटर कितीचा?"

"बाराचा, एचएसएस. दोन फ्लूट."

"मग सत्तरच्या आत राहा."

सत्तर म्हणजे मिनिटाला ७० मीटर. त्याला हजाराने गुणून व्यासाने आणि ३.१४ने भागलं की साधारण १८५० आरपीएम येतात. आमच्या मशीनचा सगळ्यात वरचा स्पीड १८००. दाताला ०.०५ मिलिमीटर धरलं, तर फीड मिनिटाला १८०. एवढं पुस्तकातही मिळतं, त्यासाठी मी कुणाचा देणेकरी नाही.

देणं आहे ते पुढचं. कुलंट नाही म्हटलं की नवखा माणूस घाबरून फीड कमी करतो. मग दात कापायचा सोडून घासतो, तापतो, आणि ॲल्युमिनियम धारेवर चिकटून बसतं. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण चिकटायला तेवढंही तापावं लागत नाही. मिस्त्री मागून ओरडायचे, "अरे, कटरला खाऊ दे की! जाड चिप काढ. उष्णता चिपबरोबर बाहेर गेली पाहिजे."

पडलेली चिप ते तळहातावर घेत. चकचकीत आणि नीट वळलेली असली तर काही बोलत नसत. भुकटी दिसली की फीड वाढवायचं. कडा फाटलेल्या दिसल्या की मशीन बंद, आणि खिशातलं भिंग बाहेर. एचई-३०चा बार असला की निवांत असायचे. शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम आलं की कपाळाला आठ्या. खोल खाचेत तर एक हात एअर गनवरच, कारण अडकलेली चिप कटर पुन्हा कापतो आणि तिथेच मोडतो.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. मी त्यांच्या घरी जायचो. मेलेले कटर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवले होते. एकेक सोडून दाखवायचे: हा भरला, हा घासून गेला, हा कुणीतरी व्हाइसवर घातला. चहा वहिनींचा, शिकवणी फुकट.

आता माझ्या हाताखाली ८००० आरपीएमचं व्हीएमसी आहे. दहाचा कार्बाइड, तीन फ्लूट, दाताला ०.०६, फीड १४४०. आकडा बघूनच पोरं ओव्हरराइड चाळीस टक्क्यांवर आणतात. मी जाऊन शंभरवर नेतो आणि ओरडतोही तसाच.

रॉकेलवरून मात्र मिस्त्रींचं आणि माझं अजून जमत नाही. ते ब्रशने रॉकेल लावायचे. फिरत्या कटरजवळ ब्रश, वर धूर आणि आगीची भीती, मला ते नकोच वाटतं. मी कटिंग ऑइलचा हलका फवारा ठेवतो. फोनवर सांगितलं तर म्हणतात, "तुझी कंपनी पैसेवाली दिसते."