पाच पट्ट्यांचा संसार

सत्तरीला टेकलेल्या बाईने कॉम्प्युटरवरच्या खेळाविषयी लिहावे, हे काही जणींना चमत्कारिक वाटेल. वाटो बापडे. लोणची-मुरंब्यांवर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि माझी लोणची तशीही बुरसतात.

गोष्ट १९९४ सालची. आमचे चिरंजीव तेव्हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अभ्यासासाठी म्हणून ह्यांनी पतपेढीचं कर्ज काढून कॉम्प्युटर घेऊन दिला, आणि पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्यासमोर बसू लागला. अभ्यास कसला! एका रात्री चांगली खरडपट्टी काढावी म्हणून मी उठले. पडद्यावर काळंभोर आकाश, त्यात ठिपक्यांसारखे तारे. ‘‘आई, पाचच मिनिटं. सफाईला पैसे टाकतो नि झोपतो,’’ तो म्हणाला.

सफाई? ज्याने जन्मात स्वतःची चादर झटकली नाही, तो परग्रहावरची सफाई बघत होता! मी खुर्ची ओढून बसले ती बसलेच.

खेळाचं नाव ‘मास्टर ऑफ ओरायन’. अमेरिकेतल्या स्टीव्ह बार्सिया नावाच्या गृहस्थांनी आपल्या सिमटेक्स कंपनीत तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्यात दहा जाती आहेत. माणसं आहेतच, पण कुणी पक्ष्यांची, कुणी अस्वलांची, कुणी मांजरांची, कुणी चक्क दगडांची. आपण एक जात घ्यायची, एका ग्रहावरून सुरुवात करायची आणि ताऱ्या-ताऱ्यावर वस्ती वाढवत न्यायची. अशा खेळांना ‘फोर एक्स’ म्हणतात. ॲलन एम्रिच नावाच्या लेखकाने त्याच साली, याच खेळाविषयी लिहिताना तो शब्द पाडला. शोधा, पसरा, उपसा, संपवा, असे चार अर्थ त्यात आहेत. शेवटचा मला कधीच रुचला नाही.

रुचल्या त्या पट्ट्या. प्रत्येक ग्रहाला पाच आडव्या पट्ट्या असतात : जहाजं, संरक्षण, कारखाने, सफाई आणि संशोधन. ग्रहाची मिळकत या पाचांत वाटायची. एक पट्टी वाढवली की बाकीच्या आपोआप आखडतात, कारण शंभराचे एकशेएक होत नाहीत. एखादीला हात लागू द्यायचा नसेल तर तिला कुलूप घालता येतं. आता सांगा, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? पहिल्या तारखेला ह्यांचा पगार आला की मी पाच पाकिटं करत असे. भाडं, दूध-वाणी, फी, औषधपाणी आणि शिल्लक. फीच्या पाकिटाला कुलूप. शिल्लकेचं पाकीट बहुधा रिकामंच.

आणि त्यातली ती सफाईची पट्टी! कारखान्यांनी केलेली घाण दरसाल उपसली नाही तर ग्रह नासत जातो, तिथे माणसं मावेनाशी होतात. म्हणजे झाडलोटीला खर्चाच्या वहीत स्वतंत्र रकाना. आमच्या घरात तरी तोवर तो कुणी धरला नव्हता. चिरंजिवांना मी ते त्याच रात्री ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्याने चादर झटकली. एकच दिवस.

दुसरा भाग आला १९९६ साली. जाणकार मंडळी बहुधा यालाच मालिकेतला सर्वोत्तम मानतात. पहिल्यात एका ताऱ्याला एकच ग्रह होता, इथे एकेका ताऱ्याभोवती चार-पाच. शेतकरी किती, कामगार किती, शास्त्रज्ञ किती, हे एकेक माणूस उचलून ठरवायचं. आपली जात आपणच घडवायची. मात्र मोठा गुण हवा तर एखादं वैगुण्य पदरात घ्यावं लागतं. संशोधनाचीही गंमत आहे. पहिल्या खेळात काही शोध त्या डावात नशिबातच नसतात. दुसऱ्यात तीन शोध समोर मांडलेले, त्यातला बहुधा एकच उचलायचा आणि उरलेल्यांसाठी जन्मभर हळहळायचं. सफाईचा खर्च मात्र परस्पर वळता होतो, पगारातून कापल्यासारखा.

पण बाई गं, वीस वसाहती झाल्या की हालत विचारू नका! हिला कारखाना, तिला प्रयोगशाळा, तिसरीकडे धान्य पोचत नाही. मांडवात प्रत्येक पानावर मीठ पडलं का बघत फिरणाऱ्या यजमानिणीसारखी गत. मी चार डाव खेळले आणि पहिल्याकडे परतले. चिरंजीव मात्र दुसऱ्यालाच चिकटून राहिले.

या दगदगीवर उतारा म्हणून २००३ च्या तिसऱ्या भागात प्रत्येक ग्रहावर एक सुभेदार बसवला. बेत उत्तम! पण आपण एक सांगावं आणि त्याने परस्पर दुसरंच बांधायला घ्यावं. पडदाभर आकडे आणि याद्या, त्यात आपलं काम काय तेच कळेना. खेळणाऱ्यांनी त्याला चांगलंच झोडपलं. मीही आठवड्याभरात आवरतं घेतलं.

चौथा २०१६ चा, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेस शहरात घडवलेला. पहिल्याच्या दहाही जाती परत आल्या. दिसायला देखणा, पात्रं तोंडाने बोलतात. जहाजांना मात्र आखलेल्या वाटांनीच जावं लागतं. लढाई पूर्वी सोंगट्यांसारखी आळीपाळीने चाले, आता ती आपली चालूच राहते, हवी तेव्हा थांबवायची. आणि सफाई? कचरा साठत जातो, मग हुकूम काढून एकदम उपसायचा. दिवाळीच्या साफसफाईसारखा. हा खेळ बघताक्षणी मी म्हटलं, पुरुषांनी केलेला दिसतो. पहिलाही पुरुषांनीच केला होता, हे चिरंजिवांनी लगेच लक्षात आणून दिलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण वेगळंच. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घर सूनबाईकडे गेलं. नोकरी सांभाळून ती सारं करत होती. मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलं, किल्ल्या दिल्या हो, सुटले! पण काठी टेकत स्वयंपाकघरात जायची आणि एकेक डबा उघडून बघायची. तूरडाळ इतकी का आणली, पोहे त्या बरणीत का, भाजी आज हीच का. एके संध्याकाळी तिने लावलेली मांडणी मी सगळी पूर्ववत केली. ती काही बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही. मग एके रात्री चिरंजीव मान खाली घालून म्हणाले, ‘‘आई, आम्ही जवळच एखादी जागा बघावी म्हणतो.’’

झोप कुठली लागायला? पहाटे चहा करायला सूनबाई उठली तेव्हा मी ओट्याशी बसलेली. म्हटलं, माझं चुकतंय ते सांग तरी. तिने आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, ‘‘आई, तुम्हाला पहिला खेळ आवडतो ना? मग मला पट्ट्या सांगा. कारखाने कुठे बांधायचे ते नका सांगू.’’

मला रडूही आलं आणि हसूही. सुभेदार हुकूम फिरवतो म्हणून मी खेळ बंद केला होता, आणि इथे रोज हिचे हुकूम फिरवत होते.

जागा बघणं तूर्त थांबलं आहे. पहिल्या तारखेला आम्ही दोघी बसतो आणि वाण्याला किती, औषधांना किती, एवढंच बोलतो. शनिवारी रात्री जुना खेळ लावतो. आजच्या कॉम्प्युटरवरही तो चालतो. सूनबाई नेहमी दगडांची जात घेते. त्यांना कचऱ्याचं काही वाटत नाही, सफाईची पट्टी शून्यावर! संख्या मात्र फार सावकाश वाढते. एकदा निघालेलं जहाज वाटेतून माघारी बोलावता येत नाही, त्यासाठी पुढचा एक शोध लागावा लागतो, हे ती दरवेळी विसरते आणि मी दरवेळी गप्प राहते.

तुरीच्या डब्याला गेल्या मंगळवारपासून माझा हात लागलेला नाही. गुळाच्या डब्याचं विचारू नका.