दिशा बदलणारे रस्ते : कुहीच्या वळणावरून

नागपूर जिल्ह्याच्या नकाशात कुही हे तालुक्याचे गाव नागपूर शहराच्या आग्नेयेस, किंचित पूर्वेकडे झुकून बसलेले आहे. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. बँकेच्या नोकरीतील काही वर्षे मी या भागात काढली. त्या काळात इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी सुरू होती. भांडेवाडी, दिघोरी, तितूर अशी स्थानके घेत ती आग्नेय-पूर्व रोखाने कुहीपर्यंत येई. कुहीला मात्र ती अशी काही वळे की उमरेडपर्यंतचा तिचा प्रवास जवळजवळ सरळ दक्षिणेकडे होई. आणि उमरेडनंतर भिवापूरसाठी ती पुन्हा पूर्वेकडे तोंड करी. सकाळच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला हे सांगण्यासाठी होकायंत्र लागत नसे. कुहीपर्यंत इंजिनाच्या बाजूने येणारे ऊन कुही सोडताच डाव्या खिडकीत शिरे आणि त्या बाकावरील मंडळी पदर, टोप्या, वर्तमानपत्रे पुढे ओढीत. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ साली ती गाडी बंद झाली, पण ‘नागभीडची गाडी कोणत्या दिशेला जाते?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, हे ज्ञान मला तिनेच दिले.

रेल्वेच्या बाबतीत हा प्रश्न फारसा अडत नाही, कारण रेल्वेने ‘अप’ आणि ‘डाऊन’ हे दोन शब्द फार पूर्वीपासून वापरात ठेवले आहेत. रस्त्यांची गोष्ट निराळी. आपल्या देशात २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हा त्या क्रमांकांत दिशा गोवण्यात आली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. फाट्यांना तीन आकडी क्रमांक. त्यांतील शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. हिशेबाच्या माणसाला ही योजना पाहताक्षणी आवडावी अशीच आहे. खातेवहीतील अनुक्रमांकावरून खात्याचा प्रकार कळावा, तसा क्रमांकावरून रस्त्याचा रोख कळतो.

नागपूर हे या योजनेची परीक्षा घेण्यास उत्तम ठिकाण. येथे तीन मोठे महामार्ग एकत्र येतात. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग (आपल्या पिढीच्या तोंडी अजून ‘सात नंबर’ बसलेला) खरोखरच उत्तरेकडून येतो आणि दक्षिणेकडे जातो. गुजरातेतील हजिऱ्याहून ओडिशातील पारादीपला जाणारा ५३ क्रमांकाचा, म्हणजे जुना ‘सहा नंबर’, हा तर आदर्श विद्यार्थी म्हणावा. सुरत, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, रायपूर, संबलपूर : ही सारी गावे एकविसाव्या अक्षांशाच्या थोडी वर, थोडी खाली आहेत. एवढा लांबचा रस्ता आपल्या नेमलेल्या दिशेला इतका जपून चालतो, याचे मला कौतुक वाटत आले आहे.

तिसरा मात्र ४७ क्रमांकाचा. अहमदाबाद, इंदूर, बैतूल करीत येणारा हा रस्ता विषम क्रमांकाचा, म्हणून कागदावर पूर्व-पश्चिम. पण बैतूल सोडल्यावर तो सातपुडा उतरू लागतो आणि मुलताई, पांढुर्णा, सावनेर या मार्गाने नागपुरात शिरतो तो वायव्येकडून. सावनेरच्या शेतकऱ्याला ‘तुमचा हा रस्ता पूर्व-पश्चिम आहे’ असे सांगितले, तर तो सांगणाऱ्याकडेच संशयाने पाहील.

याहून मोठे उदाहरण पाहायचे तर पुणे-कोल्हापूरकडील वाचकांच्या दारातून जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग घ्यावा. दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई परिसर, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर असा तो चेन्नईला पोहोचतो. लांबी सुमारे २,८०० किलोमीटर. सम क्रमांक, म्हणून उत्तर-दक्षिण. दिल्लीपासून गुजरातपर्यंत तो नैऋत्येला जातो, मग किनाऱ्याने दक्षिणेला, मुंबई ते पुणे आग्नेयेला, पुढे बराच काळ पुन्हा दक्षिणेला. येथवर सारे क्षम्य आहे. परंतु बंगळूरनंतर तो कृष्णगिरीपर्यंत आग्नेयेला उतरतो आणि तेथून वेल्लोरमार्गे ईशान्येकडे चढू लागतो. बंगळूर आणि चेन्नई यांचे अक्षांश पाहिले तर चेन्नई किंचित उत्तरेलाच आहे. म्हणजे दक्षिणेकडे निघालेल्या या महामार्गाचा शेवटचा, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा टप्पा प्रवाशाला तसूभरही दक्षिणेला नेत नाही. त्यातही गंमत अशी की ४८ हा आकडा ४४ पेक्षा मोठा, म्हणून तो त्याच्या पश्चिमेस असावयास हवा; पण बंगळूर ते कृष्णगिरी हे दोघे एकाच रस्त्यावरून चालतात आणि तेथून ४८ क्रमांकवाला ४४ च्या पूर्वेला निघून जातो.

यात क्रमांक देणाऱ्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. क्रमांक साऱ्या रस्त्याचा एकच असतो. तो दोन टोके पाहून दिला जातो. वळण मात्र एखाद्या गावाच्या वाट्याला येते आणि त्या गावाला क्रमांकातील दिशेचा काहीही उपयोग नसतो.

मला हे पहिल्यांदा ठळकपणे जाणवले ते गहाणखतांतून. शेतजमीन तारण घेताना दस्तात गट क्रमांकासोबत चतुःसीमा लिहावी लागते : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. नागपूर-उमरेड रस्ता वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपा जातो. त्याच्या नैऋत्य बाजूला असलेल्या शेताच्या कोणत्या सीमेवर रस्ता लिहायचा? पूर्वेस म्हटले तरी खरे, उत्तरेस म्हटले तरी खरे. एका बांधाला लागून असलेल्या दोन भावांच्या शेतांत एकाच्या दस्तात ‘पूर्वेस नागपूर-उमरेड रस्ता’ आणि दुसऱ्याच्या दस्तात ‘उत्तरेस नागपूर-उमरेड रस्ता’ असे मी पाहिले आहे. दोघांनाही विहिरीसाठी कर्ज हवे होते आणि उन्हाळा तोंडावर होता. पॅनेलवरील वकिलांनी विसंगतीवर बोट ठेवले, तेव्हा भूमी अभिलेख खात्याकडून मोजणीची ‘क’ प्रत मागविण्यावाचून मार्ग उरला नाही. थोरला भाऊ म्हणाला, “रस्ता तं एकच हाये साहेब, कागदच तिरपे झाले.” प्रत यावयास वेळ लागला. रस्ता रुंद होताना ज्याची जमीन संपादनात जाते, त्याच्या बाबतीत तर या एका शब्दावर मोबदल्याचा तंटा उभा राहू शकतो.

हाच उमरेड रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३५३-डी झाला आहे. ५३ चा फाटा म्हणून शेवटी ५३. नागपूरहून उमरेडपर्यंत आग्नेयेला, उमरेडहून मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरपर्यंत जवळजवळ सरळ पूर्वेला, पुढे नागभीडकडे पुन्हा आग्नेयेला, मग ब्रह्मपुरीकडे पूर्वेला आणि शेवटी आरमोरीकडे उतरता, असा त्याचा क्रम आहे. यांतील उमरेड-भिवापूर हा टप्पा विशेष लक्षात ठेवण्याजोगा. मार्च आणि सप्टेंबरच्या विसाव्या तारखेनंतरच्या दिवसांत सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो. त्या दिवसांत सकाळी उमरेडहून निघालेल्या वाहनचालकाच्या समोर, रस्त्याच्या टोकाशीच सूर्य असतो. काच धुळकट असेल तर काही क्षण पुढचे काहीच दिसत नाही. डिसेंबरात हाच सूर्य आपल्या अक्षांशावर सुमारे पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, तेव्हा आग्नेयेकडे जाणाऱ्या टप्प्यांवर त्याचा त्रास वाढतो.

हे येथे मुद्दाम लिहिण्याचे कारण आपल्या वाचकांना सहज कळेल. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. सूर्योदयानंतर पायी निघायचे, ऊन चढण्याआधी मुक्काम गाठायचा. म्हणजे जी वेळ विहाराची, तीच चालकाचे डोळे दिपण्याची. विहारात सोबत जाणारे आपले तरुण मार्गाची आखणी करताना किलोमीटर मोजतात, शाळा, मंगल कार्यालये, धर्मशाळा पाहून ठेवतात, आहाराची व्यवस्था पाहतात. रस्त्याचा रोख मात्र सहसा कोणी पाहत नाही. पूर्वेकडे जाणाऱ्या टप्प्यावर मागून येणाऱ्या चालकाला समोरचे पांथस्थ ऐन उन्हात झाकलेले असतात. पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने पाहत चालावे हा नियम अशा वेळी अधिकच महत्त्वाचा. त्या बाजूच्या चालकाच्या पाठीशी सूर्य असतो, त्याला पुढचे स्वच्छ दिसते, आणि चालणाऱ्यालाही वाहन दिसते. नकाशावर बोटाने रस्ता पाहून ‘येथून येथवर पूर्वेला’ अशी खूण करून ठेवण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

अपघात झालाच, तर दुसरी अडचण उभी राहते. दूरध्वनीवर मदत मागणारा माणूस ‘महामार्गाच्या उत्तरेच्या बाजूला’ असे काही सांगू लागला तर गोंधळ निश्चित. मध्ये दुभाजक असेल आणि रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने आली, तर पुढचा छेद येईपर्यंत तिला वळता येत नाही. म्हणून १०३३ या राष्ट्रीय महामार्गाच्या मदत क्रमांकावर बोलताना जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा आणि वाहन कोणत्या गावाकडे जात होते, हे दोनच तपशील आधी द्यावेत. २०२५ साली पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत ‘मुंबई कॉरिडॉर’, ‘नागपूर कॉरिडॉर’ असेच शब्द येतात. ‘पश्चिमेकडील बाजू’ असे कोणी लिहीत नाही, हे शहाणपणाचे आहे.

अमेरिकेत याच्या उलट रीत आहे. तेथे विषम क्रमांक उत्तर-दक्षिण आणि सम क्रमांक पूर्व-पश्चिम. शिवाय प्रत्येक फलकावर क्रमांकासोबत दिशाही लिहिलेली असते. मुलाकडे कॅलिफोर्नियात गेलो असता बर्कलेजवळ, सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या काठाने जाताना एकाच रस्त्यावर दोन फलक दिसले : ‘८० पूर्व’ आणि ‘५८० पश्चिम’. दोन महामार्ग तेथे काही अंतर एकत्र चालतात. आणि प्रत्यक्षात आमची मोटार उत्तरेकडे चालली होती! मिशिगन राज्यात मात्र ६९ क्रमांकाच्या महामार्गाने प्रामाणिक उपाय योजला आहे. तो लान्सिंग शहराजवळ उत्तरेकडून पूर्वेकडे वळतो, तेथे त्याच्या फलकांवरील दिशाही बदलते.

आपल्या लोकांनी याहून सोपा उपाय कधीच शोधून ठेवला आहे. नागपुरात अमरावती रोड, काटोल रोड, छिंदवाडा रोड, कामठी रोड, भंडारा रोड, उमरेड रोड, वर्धा रोड ही नावे प्रत्येकाच्या तोंडी आहेत. उमरेड रोड उमरेडला पोहोचला की तेथले लोक त्याला नागपूर रोड म्हणतात आणि गावाबाहेर पडताच तोच भिवापूर रोड होतो. रस्ता कसाही वळो, नाव पुढल्या गावाचे.

आपल्याकडील दिग्व्रतातही मोजणीचे मूळ असेच स्वतःच्या ठिकाणी आहे. दहा दिशांत किती दूर जायचे याची मर्यादा श्रावक आपल्या स्थानापासून बांधतो, रस्त्याच्या नावावरून नव्हे. या व्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘क्षेत्रवृद्धी’ सांगितली आहे : एका दिशेची मर्यादा कमी करून ती दुसऱ्या दिशेत वाढवून घेणे. बँकेच्या भाषेत, एका खात्याची मंजूर मर्यादा परस्पर दुसऱ्या खात्याकडे वळविणे. वळणाच्या रस्त्यावर ही जागरूकता अधिक लागते. पूर्वेच्या भिवापूरला निघालेला नागपूरचा माणूस आधी पुष्कळ दक्षिणेला जाऊन येतो.

कुही तालुक्याच्या पूर्व टोकाला, वेलतूरच्या पुढे, आंभोरा आहे. येथे वैनगंगेला कन्हान आणि आम या नद्या मिळतात. स्थानिक परंपरा पाच नद्यांचा संगम मानते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला, असे मानणारा एक पक्ष आहे. वैनगंगा स्वतःही वळणाचीच : शिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ उगम पावून ती त्याच जिल्ह्यात मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेते आणि मग दक्षिणवाहिनी होते. खाली गोसेखुर्दला ज्या धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले, त्याचे पाणी येथवर पसरले आहे. तालुक्यातील कित्येक गावे त्या पाण्यामुळे उठली आणि त्या गावांना जाणारे जुने रस्ते आता सरळ पाण्यात उतरतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर ती जमीन होती, त्यांच्या चतुःसीमा मला अजून आठवतात : पूर्वेस नदी, पश्चिमेस गावरस्ता.

आंभोऱ्यापाशी पूर्वी रस्ता संपत असे, पुढे नाव. आता नदीवर केबलच्या आधाराचा भव्य पूल उभा आहे, मध्ये उंचावर दृश्य पाहण्यासाठी सज्जा आहे, आणि रविवारी तेथे नागपूरच्या मोटारींची रांग लागते. पूल ओलांडून रस्ता भंडारा जिल्ह्यात शिरतो व उत्तरेकडे, भंडाऱ्याच्या रोखाने वळतो. वेलतूरची म्हातारी माणसे त्याला आंभोरा रोड म्हणतात. शाळेतली मुले भंडारा रोड म्हणू लागली आहेत.