पेत्राचे मागे वळणे

दुसऱ्याच्या घरात काय शिजते आहे, हे पाहण्याची माणसाची हौस फार जुनी. वाड्यात राहणाऱ्यांची ती सहज भागे. शेजारणीची नवी पैठणी दिसे, पण तिच्या दोरीवरची विरलेली चादरही दिसे. तिच्या मुलाचा पहिला नंबर कळे, तसे रात्रीचे भांडणही भिंतीपलीकडून ऐकू येई. हिशेब बरोबर जुळे. हल्ली वाड्याची जागा हातातल्या फोनने घेतली आहे, आणि तिथे सगळ्यांच्या दोरीवर पैठण्याच! चादरी कोणी वाळत घालीत नाही.

तुलना काही फोनने जन्माला घातलेली नाही. माणूस स्वतःचे माप दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून घेतो, हे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडले होते. २००९ मध्ये फेसबुकने पसंतीचा अंगठा आणला, आणि त्या मापाला आकडा चिकटला.

माझी धाकटी मुलगी परिचारिका आहे. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या कितीतरी घरांत हा पेशा आईकडून मुलीकडे आलेला आहे. तालुक्याच्या गावी मिशनच्या एका लहान दवाखान्यात ती काम करते. पगार बेताचा, रात्रपाळ्या पुष्कळ. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तीन वर्षांपूर्वी आयर्लंडला गेली. तिकडून फोटो येऊ लागले. बर्फ, लाल कोट, नवी गाडी, पुढे नवे घर. मुलगी सुट्टीत आली की जेवताना एका हाताचा अंगठा फोनवर सरकत राही आणि दुसऱ्या हातातला घास तसाच राही. एका रात्री ती म्हणाली, "आई, आमचे मार्क सारखेच होते गं."

'पाहू नकोस ते फोटो' असे सांगणे सोपे होते. पण माझ्याही मनात तोच हिशेब चाले. त्या मैत्रिणीची आई आमच्याच मंडळीतली. रविवारी उपासना संपल्यावर ती लेकीच्या घराचे कौतुक सांगू लागली की माझे हसू ओठांपुरतेच राही.

त्याच आठवड्यात घरच्या प्रार्थनेला योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा, एकविसावा अध्याय आला. पुनरुत्थानानंतरची ती पहाट, तिबिर्याचा समुद्र, किनाऱ्यावर निखारे आणि त्यांवर मासळी. तुझे माझ्यावर प्रेम आहे का, असे प्रभू पेत्राला तीनदा विचारतो आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. याहून मोठा मान कोणता? पण लगेच पेत्र मागे वळतो. दुसरा एक लाडका शिष्य येताना त्याला दिसतो, आणि त्याच्या वाट्याला काय येणार, याची तो चौकशी करतो! प्रभू त्याची समजूत घालीत नाही. त्याला तुझ्यापेक्षा कमी मिळेल, असेही म्हणत नाही. ते माझ्याकडे राहू दे आणि तू आपली वाट चाल, एवढेच सुचवतो.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी इथेच राहायचे का?"

"तसे कुठे म्हटले आहे?" मी म्हणाले. "जायचे तर अवश्य जा. पण प्रभूला विचारून जा. फोटोला विचारून नको."

त्यानंतर तिनेच दोन नियम केले. प्रार्थनेच्या वेळी फोन कपाटावर ठेवायचा, हा पहिला. ज्याचा फोटो मनाला टोचेल, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करायची, हा दुसरा. हा दुसरा नियम वाटतो तितका सोपा नाही. नुसते नाव घेऊन भागत नाही. त्या माणसासाठी काय मागायचे, ते ठाऊक असावे लागते. म्हणून तिने मैत्रिणीला फोन केला. तासभर दोघी बोलल्या. हिवाळ्यात तिकडे दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडतो. बारा तासांची पाळी संपवून घरी आले की मराठीत बोलायला कोणी नसते. घराचे कर्ज अजून डोक्यावर आहे. आणि आमच्या मुलीने नाताळात दवाखान्यातले फोटो टाकले होते, ते पाहून तीही हळहळली होती!

हे ऐकून आम्हाला बरे वाटले नाही आणि वाटूही नये. दुसऱ्याच्या दुःखावर आपले समाधान उभे राहिले, तर तीही तुलनाच. फक्त पारडे बदललेले. पण त्या रात्रीपासून त्या लाल कोटाच्या आत एक दमलेली मुलगी दिसू लागली. हेव्याला चित्र पुरते. प्रेमाला माणूस लागतो.

टोचणे अजून संपलेले नाही. श्रद्धा म्हणजे काही लस नव्हे, की एकदा घेतली आणि सुटलो. पेत्रासारखे रोज मागे वळावेसे वाटते आणि रोज मान पुन्हा पुढे करावी लागते. मुलीने परदेशच्या नोकरीचा अर्ज आणून ठेवला आहे. भरायचा की नाही, ते तिने ठरवलेले नाही आणि मीही विचारीत नाही. मंडळीत तिच्या मैत्रिणीची आई भेटली की मात्र आता मीच आधी विचारते, "लेक कशी आहे हो तुमची?" आणि तिचे सांगून होईपर्यंत तिथेच उभी राहते.