हिमप्रदेशातील वाटाड्या

मांडूचे पठार ज्या काळ्या बेसाल्टचे बनले आहे, तो लाव्हारस थिजून सुमारे ६.६ कोटी वर्षे झाली, तर अंटार्क्टिकावर खंड व्यापणारा हिमस्तर साचू लागला तो सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे धार जिल्ह्यातील हा खडक त्या बर्फाच्या जवळजवळ दुप्पट वयाचा आहे. त्याच्याही कितीतरी आधी भारत आणि अंटार्क्टिका हे गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते. ध्रुवीय विज्ञान माळव्याला परके नाही ते यामुळे, आणि मराठा संस्थानिक पवारांच्या काळापासून धार-देवासला स्थिरावलेल्या मराठी घरांतील तरुणांनी त्याकडे व्यवसाय म्हणून पाहावे, हे या लेखाचे प्रयोजन आहे.

या व्यवसायाची भारतातील वाट गोव्यातून जाते. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या आणि पुणे विद्यापीठात शिकलेल्या सागरवैज्ञानिक डॉ. अदिती पंत होत्या; त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला. समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, हा पंत यांच्या अभ्यासाचा विषय होता, आणि तेथील क्रिल या कोळंबीसारख्या जीवापासून देवमाशापर्यंतची सारी अन्नसाखळी याच प्लवकांवर उभी असल्यामुळे त्या कामाचे मोल मोठे आहे. मराठी वाचकांत त्यांचे नाव आजही पुरेसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच मोहिमेत उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे समुद्रावर पसरलेल्या तरंगत्या हिमफळीवर होते आणि साचत गेलेल्या हिमाखाली ते काही वर्षांतच गाडले गेले. म्हणून १९८९ मध्ये ‘मैत्री’ हे ठाणे शिर्माखर या बर्फविरहित खडकाळ प्रदेशात, गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी बांधण्यात आले. मांडूत कपूर आणि मुंज या तलावांच्या मध्ये जहाज महाल बांधणाऱ्यांनाही खडकाळ माथ्यावरील वस्ती साठवलेल्या पाण्यावरच तगते हे ठाऊक होते.

ठाण्यावर केवळ वैज्ञानिक असून भागत नाही. वाहनांचे मेकॅनिक, जनरेटर सांभाळणारे तंत्रज्ञ, डॉक्टर आणि स्वयंपाकी यांच्यावाचून तेथील हिवाळा निभत नाही. निवडलेल्यांना कठोर वैद्यकीय तपासणीनंतर उत्तराखंडातील औली येथे बर्फावर चालण्याचे, दोराने एकमेकांना बांधून घेण्याचे आणि हिमभेगेत पडलेल्यास वर काढण्याचे शिक्षण दिले जाते. हिमभेग म्हणजे सरकत्या हिमाला पडलेली खोल चीर; वरून हिमाचा पातळ पापुद्रा बसल्यामुळे ती दिसत नाही, आणि म्हणून पृष्ठभागाचा रंग, किंचित खोलगटपणा व सावली यांवरून ती ओळखावी लागते.

प्रवाशांना नेणाऱ्या मार्गदर्शकाचे काम याहून वेगळे, पण तितकेच जबाबदारीचे आहे. बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उशुआयाहून नोव्हेंबर ते मार्च या काळात निघतात व ड्रेक सामुद्रधुनी सुमारे दोन दिवसांत ओलांडतात. पुढे हवामान पाहून रबरी बोटीने प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवले जाते. पर्यटन संस्थांच्या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे एका स्थळी एका वेळी शंभरांहून अधिक प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाला कोणालाही उतरवता येत नाही. परके बी किंवा रोगजंतू जाऊ नयेत म्हणून बूट धुवावे लागतात आणि पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहावे लागते. मांडूच्या फरसबंदीने शतकानुशतकांची वर्दळ सोसली आहे, परंतु अंटार्क्टिकाच्या शेवाळावर उमटलेले एक पाऊल दशकानुदशके पुसले जात नाही. अलीकडे एका हंगामात लाखाहून अधिक पर्यटक तेथे जाऊ लागले असल्याने, ‘येथून पुढे नको’ असे ठामपणे सांगणे हेच मार्गदर्शकाचे पहिले कर्तव्य ठरते.

भारताने २०२२ मध्ये अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदा केला असून भारतीय मोहिमांना व सहलींना आता परवाना लागतो. धार, देवास किंवा इंदूर येथील ज्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात यायचे असेल, त्यांनी भूशास्त्र, हवामानशास्त्र किंवा यंत्रदुरुस्तीचे शिक्षण पक्के करावे आणि गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवावे.