सारफथचे पीठ, रियाधची वाट

मिशन हॉस्पिटलांचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय. सुरुवात मिरजेपासून झाली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे उभ्या केलेल्या रुग्णालयाचा मागोवा घेताना त्याच काळातल्या दुसऱ्या एका मिशनशी माझी गाठ पडली. त्याचे नाव अरेबियन मिशन. तेव्हापासून माझ्या टेबलावर मिरजेइतकीच जागा रियाधलाही मिळाली आहे.

या मिशनचा जन्म १८८९ सालचा, अमेरिकेतल्या न्यू ब्रन्सविक इथल्या धर्मविद्यालयात. प्रा. जॉन लान्सिंग आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स कँटाइन, सॅम्युअल झ्वेमर व फिलिप फेल्प्स यांना अरबस्तानात काम सुरू करायचे होते. त्यांच्या रिफॉर्म्ड चर्चच्या मंडळाकडे पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी स्वतंत्र मिशनच स्थापन केले. काम देवाचे आहे, तो पुरवील, या भरवशावर कँटाइन आणि झ्वेमर निघाले. १८९४ साली चर्चने हे मिशन आपल्या पंखाखाली घेतले, तोवर बसरा, बहारीन आणि मस्कत इथे त्यांची ठाणी उभी राहिली होती.

मराठी वाचकाला हा भरवसा अनोळखी नाही. केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालय चालवणाऱ्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचले होते. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या, तेव्हा त्यांना पोसायची निश्चित तरतूद हाती नव्हती. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांची हमीही १८९८ साली संपली. तरीही केडगावच्या त्यांच्या आश्रमातल्या चुली पेटत राहिल्या, आणि पुढच्याच दुष्काळात त्यांनी आणखी शेकडो मुली घरी आणल्या. रमाबाईंचा विश्वास मला तिथे दिसतो. आधी दार उघडायचे, मग धान्याकडे पाहायचे.

पण या विश्वासाबद्दल गोड गोड लिहिणे मला जमत नाही. जुलै १९०४मध्ये बहारीनला झ्वेमर दांपत्याच्या दोन मुली, सात वर्षांची कॅथरिना आणि चार वर्षांची रूथ, आठ दिवसांच्या आत गेल्या. मिशनचे मेसन मेमोरियल हॉस्पिटल तोवर त्याच गावात सुरू झालेले होते. आईबापांनी मुलींच्या थडग्यावर प्रकटीकरणाच्या पुस्तकातले स्तुतीचे वचन कोरून घेतले. देव पुरवतो म्हणजे आपले काही हिरावले जात नाही, असा अर्थ त्यांनी कधी काढला नव्हता. त्यांनी मिशनचे काम सोडले नाही. ‘देवाने आम्हांला सगळे दिले’ अशी साक्ष ऐकली की मला ते थडगे आठवते, आणि ज्यांना मिळाले नाही त्यांच्याशी आपण काय बोलणार, हा प्रश्न पडतो.

आता सौदी अरेबियाकडे येतो. १९१७ साली तो देश या नावाने अस्तित्वात नव्हता. नज्दचे शासक अब्दुल अझीझ इब्न सौद यांनी बहारीनहून डॉ. पॉल हॅरिसन यांना रियाधला बोलावले. हॅरिसन जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकलेले शल्यविशारद. बहारीनहून गलबताने उकैर बंदर, तिथून उंटावरून हुफूफ, मग दहनाचे वाळूचे डोंगर ओलांडून रियाध, अशी ती वाट. परधर्मीयाला जवळपास बंदच असलेले ते शहर. हॅरिसन तिथे राजाचे पाहुणे म्हणून राहिले, आणि डोळ्यांचे, अंतर्गळाचे, हिवतापाचे रुग्ण त्यांनी तपासले.

१९१८-१९च्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझाची साथ रियाधवर कोसळली. इब्न सौद यांचा थोरला मुलगा तुर्की आणि पत्नी जौहरा दोघेही तिच्यात गेले. हॅरिसन पुन्हा त्या शहरात आले. त्या तापावर नेमके औषध जगात कुणाकडेच नव्हते. डॉक्टरने रोग्याजवळ जावे, पाणी पाजावे, धीर द्यावा, एवढेच हाती होते. करुणेची कसोटी मला इथे लागलेली दिसते, कारण बरे करण्याची शक्ती नसतानाही शेजारी बसायचे होते.

हॅरिसन यांचे ‘द अरब अॅट होम’ १९२४ साली आले. त्यात अरबांच्या आतिथ्याबद्दल, त्यांच्यातल्या समतेबद्दल आणि ईश्वरावरच्या निष्ठेबद्दल मनापासूनचा आदर आहे. माझ्या मते त्यामागचे कारण उघड आहे. द्यायला म्हणून गेलेला हा माणूस त्या वाळवंटात यजमानांच्या अन्नपाण्यावर जगत होता. बायबलमधला एलीया दुष्काळात उपाशी होता, तेव्हा देवाने त्याला इस्राएलातल्या कुणाकडे पाठवले नाही; सारफथच्या परकी विधवेकडे पाठवले, आणि तिच्या मडक्यातल्या मूठभर पिठावर तो आणि तिचे घर दोन्ही जगले. ही गोष्ट आम्ही रविवारच्या शाळेत चमत्कार म्हणून शिकतो. परक्या हातून घेण्याचा धडा तिच्यात आहे, तो मात्र सहसा कुणी शिकवत नाही.

आजच्या सौदीत चर्च नाही. बिगर-मुस्लिमांना सार्वजनिक उपासनेची मोकळीक नाही. प्रार्थना होते ती घराच्या चार भिंतींत. पूर्व प्रांतात राहणाऱ्यांपैकी ज्यांना जमते ते १९८६ साली खुल्या झालेल्या पंचवीस किलोमीटरच्या किंग फहद पुलावरून बहारीन गाठतात. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून मोठी गर्दीही शुक्रवारच्या मिस्साला. बहारीनमधल्या अवालीचे ‘अवर लेडी ऑफ अरेबिया’ कॅथेड्रल डिसेंबर २०२१मध्ये खुले झाले. सौदी अरेबिया ज्या धर्मप्रांतात येतो, त्याचे हे मुख्य मंदिर, आणि त्याची जमीन बहारीनच्या मुस्लिम राजाने दिलेली.

वसईतून आणि महाराष्ट्रातल्या इतर ख्रिस्ती गावांतून कितीतरी माणसे आखातात गेली. आजारी सोबत्याला दवाखान्यात कुणी नेले, पगार अडला तेव्हा कुणाच्या खोलीत जेवण झाले, मागे राहिलेल्या कुटुंबाला पैसे कुणी पोचवले, हे त्यांच्या पत्रांत आहे. अमेरिकन डॉक्टरांच्या हकिगती ‘नेग्लेक्टेड अरेबिया’ नावाच्या त्यांच्या नियतकालिकात छापून राहिल्या. आपल्या माणसांच्या हकिगती कपाटातल्या पिशव्यांत आहेत. ज्यांच्या घरी अशी पत्रे, ध्वनिफिती किंवा प्रार्थनेच्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. तारखा आणि गावांची नावे पेन्सिलीने मागे लिहून ठेवावीत, आणि सांभाळायला घरात जागा नसेल तर आपल्या चर्चच्या दप्तरात जमा कराव्यात.